अळणी दिवस

पावसाळा सुरू झाला की आमच्या घरात महिन्यातून दोनदा मीठ बंद व्हायचं. अमावास्या आणि पौर्णिमा जवळ आल्या की आई मिठाचं मडकं उतरवून माळ्यावर ठेवायची, आणि उधाण ओसरेपर्यंत ते खाली येत नसे. तेवढे दिवस तिच्यापुरतं सगळं अळणी. पेज अळणी, वालाचं कालवण अळणी, भाकरीच्या पिठातसुद्धा चिमूट नाही. बाबांना आणि आम्हा पोरांना ती आधीच वाटीत काढून ठेवलेलं मीठ घालून द्यायची, पण अळणी जेवणाऱ्या बाईच्या समोर बसून खारवलेला बोंबील भाजून खायचा म्हणजे घास तोंडात फिरायचा. शेजारच्या घरातून जवळा परतल्याचा वास यायचा तेव्हा मला आईचा रागच यायचा. आता डॉक्टरांनी माझं मीठ तोडलंय आणि नातसून रोज माझ्या ताटाकडे बघून हळहळते. तिला कसं सांगू की बये, या घासाशी माझी ओळख तुझ्या सासऱ्याच्या जन्माआधीची आहे.

अळणी खाण्याचं कारण देवाधर्माचं नव्हतं. आमचं गाव रेवसच्या वरच्या अंगाला, खाडीच्या अगदी काठावर. काठावर म्हणजे काठाच्या खाली म्हटलं तरी चालेल. आमच्या पणज्या-खापरपणज्यांनी चिखलाचा लांबलचक बांध घालून खाडीला मागे सारलं आणि जी जमीन मिळाली तिच्यात भात लावला. बांधाच्या एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला आमची शेतं. भरती आली की खाडीचं पाणी आमच्या भाताच्या शेंड्यांहून वर उभं असायचं. हा बांध चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, पोखरतात. एका चिंबोरीचं बीळ दिसायला काय, दोन बोटं जाईल एवढं. पण उधाणाचं पाणी त्यातून वाट काढत राहिलं की आतून माती सुटते आणि एखाद्या दिवशी बांधाचा तुकडाच्या तुकडा बसतो. त्याला आमच्याकडे खांड पडणं म्हणतात. खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं, त्या वर्षीचा भात जातो, आणि पुढची काही वर्षं त्या जमिनीत गवतही धड उगवत नाही.

बांधाच्या आतल्या अंगाला एक चर असायचा, पावसाच्या गोड्या पाण्याचा. बीळ आरपार झालं की खाडीचं पाणी सगळ्यात आधी या चरात झिरपतं. डोळ्यांना काही दिसत नाही. कळतं ते जिभेला. म्हणून भरती भरून आली की आई चराच्या काठाने चालत जायची, जागोजागी ओंजळीत पाणी घ्यायची, चाखायची आणि थुंकायची. हे काम पूर्वी गावात पुष्कळ घरं करायची म्हणे. पण माझ्या आठवणीत ते करणारी आईच उरली होती. बाकीच्यांचं म्हणणं, बांध डोळ्यांनी बघितला की पुरे. आई म्हणायची, "डोल्यांना दिसंल तवा उशीर झालेला असतो गो." मीठ खाल्लेल्या जिभेला थोडा खारटपणा कळत नाही, म्हणून हे अळणी दिवस. सुकट नाही, लोणचं नाही, मिसरी तर तिने त्या पायी कायमची सोडली होती. पाणी चाखायला निघण्याआधी ती वरच्या ओठावरचा घामसुद्धा पदराने पुसायची.

गंमत अशी की उन्हाळ्यात मिठावरच आमचं पोट चालायचं. बाबा आणि थोरले काका उरणच्या मिठागरांवर कामाला जायचे आणि पायाला भेगा, डोळे लाल असे घरी यायचे. चार महिने ज्या मिठाने खायला घातलं त्याच मिठाच्या भीतीने पुढचे चार महिने आमची आई अर्धपोटी राहायची.

भीतीला कारण होतं. आईचं माहेर खाडीच्या पलीकडे. तिच्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिथे खांड पडली. आईचे वडील तोवर गेले होते, बांध राखायची पाळी मामाच्या घराची होती. मला आठवतं तेव्हापासून मामा खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या तिवराची लाकडं तोडून विकायचा. पूर्वी जिथे त्याचा भात होता तिथेच ती तिवरं उगवली होती. वर्षातून एक-दोनदा तो आमच्याकडे यायचा आणि ओटीवर शेताकडे पाठ करून बसायचा. चहा घ्यायचा, माझ्या डोक्यावर हात ठेवायचा, बाबांशी इकडचं तिकडचं बोलायचा आणि मग कोणी काही विचारलेलं नसताना म्हणायचा, "ओल दिसली व्हती मना. दुपारचं जरा अंग टाकलं. म्हटलं, संध्याकाली बगू." एवढंच. दरवेळी हेच, याच शब्दांत. हे ऐकून आई आत निघून जायची आणि भांडी आदळायची. मला मामाची भीती वाटायची. तो गरीब, मऊ माणूस, पण त्याच्याकडे बघितलं की वाटायचं, या माणसाच्या आयुष्यात ती एकच दुपार आहे, बाकी काही नाही.

त्या वर्षी पितृपंधरवड्यात आईला हिवताप आला. भाताने पोटरी धरली होती. याच दिवसांत पाऊस मागे हटतो, उधाणं मात्र वर्षातली मोठ्यात मोठी येतात, आणि कणसं बाहेर पडायच्या वेळी भाताला खारं पाणी मुळीच सोसत नाही. आई गोधड्यांखाली थडथडत होती. बाबांनी पोस्टातून कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, पुड्या आणल्या. त्या घेतल्यावर तिचा ताप थोडा उतरला पण जीभ गेली. पाणी कडू, पेज कडू, थुंकीसुद्धा कडू. नवमीच्या दिवशी मला जवळ बोलावून ती म्हणाली, "मना चव कलत न्हाय आता. अमावस्येचं पानी तुला चाखायचंय. आजपासून मीठ सोड."

मी तेव्हा चौथी होऊन घरी बसले होते, परकर जाऊन लुगडं आलं होतं. मी म्हटलं, "बाबा चाखतील." ती म्हणाली, "तुजा बाबा तंबाकू खातो. त्याला समुद्र पाजला तरी गोडच लागंल." एवढ्या तापातही तिची जीभ चवीपुरतीच गेली होती, बोलायला शाबूत होती.

मी मीठ सोडलं. पहिल्या दिवशी काही वाटलं नाही, दुसऱ्या दिवशी भाकरी मातीसारखी लागली, तिसऱ्या दिवशी मी चुलीमागे बसून रडले. आईने आतून ओळखलं. "रडू नको," ती म्हणाली, "आसू तोंडात जातान." म्हणजे रडायचीही सोय नाही. अंथरुणावर पडल्या पडल्या ती माझी परीक्षा घ्यायची. वाट्या मांडायला लावायची, धाकट्या भावाला सांगून एकीतच मिठाची कणी टाकायची आणि मला ओळखायला सांगायची. सुरुवातीला मी निव्वळ अंदाज ठोकायचे. ती म्हणायची, "अंदाज नको सांगू. कललं न्हाय तर कललं न्हाय म्हन." पुढे आणखी शिकून मास्तरीण झाल्यावर कितीतरी मुलींना मी हे वाक्य सांगितलं, पण ते कोणाचं ते कधी सांगितलं नाही. चतुर्दशीला मात्र मी वाटी बरोबर ओळखली. एकदा नाही, दरवेळी. आईने डोळे मिटून घेतले. मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. कळत नव्हतं तोवर माझ्यावर जबाबदारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री. अमावास्येची भरती आमच्याकडे भर दुपारी भरते, आणि पितरांचं जेवणही भर दुपारीच. भाऊबंदांचं जेवण थोरल्या काकांकडे असायचं. काका म्हणजे दांडगा माणूस, आवाज असा की ओटीवरून हाक मारली तर खाडीतला मचवा थांबावा. सकाळपासून काकीच्या हाताखाली मी वडे थापले, खीर ढवळली. आजोबांना सुक्या बोंबलाचं कालवण आवडायचं म्हणून त्यांच्या नावाने तेही केलेलं. तो वास आजही नाकात आहे. इतक्या दिवसांच्या अळणी पेजेनंतर त्या कालवणाच्या नुसत्या वाफेने तोंडाला पाणी सुटत होतं. मी वाफ चुकवत ढवळत होते.

कौलांवर पान ठेवलं, कावळा शिवला, पंगत बसली. घरातल्या प्रत्येकाने पितरांच्या नैवेद्यातला प्रसाद म्हणून घास घ्यायचा अशी आमच्याकडे रीत. काकांनी स्वतः वड्याचा तुकडा कालवणात बुडवून माझ्यापुढे धरला. मी मागे सरले.

"काका, भरती उतरली की जेवते," मी म्हटलं.

"काय बोल्लीस?"

"मना पानी चाखायचंय. मीठ चालत न्हाय."

काकांचा चेहरा लाल झाला. "तुज्या आयशीचं येड तुज्या डोक्यात गेलंय व्हय? आजा उपाशी जाईल तुज्यापायी! पितरांना थांबवतेस?"

बाबा खाली मान घालून बसले होते. ते भावापुढे कधी बोलत नसत. काकीला वाटलं, प्रकरण वाढू नये, तिने मागून येऊन हळूच तो तुकडा माझ्या ओठांना लावला. "घे गो बाय, एवढासा. कोनाला कलतंय?" मी दात आवळले. ओठ पदराने घासघासून पुसले. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला काकांची भीती वाटत होती, उपाशी आजोबांची वाटत होती, खाडीची तर होतीच. पण त्या सगळ्यांच्या वर घरात गोधडीखाली पडून दाराकडे डोळे लावलेल्या आईची भीती होती. धैर्य वगैरे काही नव्हतं माझ्यात. मी फक्त मोठ्या भीतीचं ऐकलं आणि मागच्या दाराने निघाले.

बांधावर चिटपाखरू नव्हतं. सगळं गाव जेवायला बसलेलं. खाडी काठोकाठ भरून थांबली होती, पाणी बांधाच्या माथ्याला लागायला वीतभर कमी. एरवी पाणी हलतं, बोलतं. भरल्या उधाणाचं पाणी गप्प असतं आणि त्यानेच जास्त धडकी भरते. मी खाली चराच्या काठाने चालत होते, आणि डाव्या हाताला, माझ्या डोक्याच्याही वर, ते पाणी चिखलाच्या एका भिंतीआड उभं होतं. उन्हात भाताला वास सुटला होता, पोटरीचा असतो तो दुधाळ. मी पदराने तोंड पुसायचे, वाकायचे, चाखायचे, थुंकायचे, पुढे जायचे. गोड. गोड. पावसाचं, थोडं चिखलाचं, पण गोड. मला हायसं वाटायला लागलं होतं.

बांध जिथे खाडीच्या दिशेने वळतो तिथे मी ओंजळ भरली, आणि जिभेच्या कडेला काहीतरी लागलं. खारट म्हणावं असं नाही. चांदीचा दागिना तोंडात धरला की लागतं तसं काहीतरी. मी थुंकले. कपाळावरून घाम निथळत होता. घामच असेल, मी स्वतःला सांगितलं. बांधाकडे बघितलं, माती कोरडी, गवत हिरवं, ओल नाही, काही नाही. मागे गेले, जिथे पाणी गोड होतं तिथे चूळ भरली, तोंड पुसलं, थोडी थांबले, पुन्हा वळणावर येऊन चाखलं. तेच. पण या खेपेला माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मग खात्री कशी धरायची? आणि समजा मी पितरांच्या पंगतीतून माणसं उठवली आणि काहीच निघालं नाही तर? काका मला जन्मभर बोलतील ते एक, पण त्याहून वाईट म्हणजे आईचं यापुढे कोणीही ऐकणार नाही. मनात आलं, आत्ता काही बोलू नये. जेवणं होऊ देत. पाणी उतरलं की बाबांना हळूच सांगू, संध्याकाळी बघतील.

संध्याकाळी बघतील! मी मनात म्हटलं आणि मामाची पाठ माझ्या डोळ्यांपुढे आली. शेताकडे केलेली पाठ. मला वाटलं, मी इथे नुसती थोडा वेळ उभी राहिले तरी तो माझ्याजागी येऊन उभा राहील. मी डोळे कोरडे केले, आणखी एकदा वाकले, चाखलं, आणि आईने शिकवलं होतं तसं स्वतःलाच विचारलं, कळलं की अंदाज? कळलं होतं. सकाळपासून, नवमीपासून, माझ्या जिभेला मीठ लागलं नव्हतं. मी परकरी पोर असल्यासारखी लुगडं वर खोचून धावत सुटले.

पंगत अर्ध्यावर होती. मी दारातूनच ओरडले, "वलनावर पानी खारं लागतंय!"

काकांनी घास खाली ठेवला नाही. "घाम चाटलास," ते म्हणाले.

"न्हाय."

"पितरांच्या पानावरून कोन उठनार न्हाय."

मी दाराची चौकट धरून उभी राहिले. बोलली ती काकी. वाढायचं पातेलं कमरेवर घेऊन ती नवऱ्यासमोर उभी राहिली. "मीच हिला घास भरवत व्हते. पोरीनं दात उघडलं न्हाय. आज सकालपासून हिच्या तोंडात कनभर मीठ गेलेलं न्हाय, मी बगितलंय. तिला खारं लागलं तर ते तिच्या तोंडचं न्हाय."

तेवढ्यात बाबा उठले. हात न धुता, भावाकडे न बघता उठले आणि कोपऱ्यातलं फावडं घेतलं. मी त्यांना आयुष्यात काकांच्या आधी उठलेलं तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. मग दुसरं कोणी उठलं, तिसरं उठलं. शेवटी काका उठले, शिव्या देत, पण सगळ्यात मोठं घमेलं त्यांनीच उचललं.

भरती पुरती उतरेपर्यंत काही करता येत नव्हतं. माणसं बांधावर बसून राहिली आणि मी जरा दूर उभी राहून पाणी कधी उतरतं ते बघत होते. मला वाटत होतं, काही निघू दे. आणि लगेच वाटायचं, देवा, काही निघू देऊ नको. सूर्य कलला, बाहेरच्या अंगाची तिवरांची मुळं उघडी पडली आणि बाबा चिखलात उतरले. मुळांच्या आड एक भोक होतं, चिंबोरीचंच, पण तोंड पाण्याने खाऊन रुंद झालेलं. बाबांनी त्यात हात घातला. मनगट गेलं, कोपर गेलं, खांद्यापर्यंत हात गेला, गाल चिखलाला टेकला, तरी बोटांना पलीकडे काही लागेना. ते तसेच राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते कौतुक नव्हतं. बाबा घाबरले होते.

मग जो तो धावला. बिळावरचा बांध पार कापून मोकळा केला, चिखलाच्या ढेपा आणि पेंढा घालून नव्याने भरला, बायका घमेली देत होत्या, पुरुष पायांनी तुडवत होते. मीही तुडवलं. दिवेलागणीच्या आत बांध बंद झाला. काका चिखलाने माखून काठावर बसले आणि म्हणाले, "वडे पार गार झालं असतील." काकी म्हणाली, "पितरांना काय, त्यांना पन भातच लागतो ना पुढच्या वर्षी?" कोणीतरी हसलं. मला हसू आलं नाही.

घरी आले तेव्हा आई भिंतीला टेकून उठून बसली होती. तिने फक्त "कुठं?" एवढं विचारलं. मी म्हटलं, "वलनावर." तिने मान हलवली, पुष्कळ वेळ माझे चिखलाचे हात स्वतःच्या हातात धरून ठेवले आणि सोडले.

दुसऱ्या दिवशीही उधाण होतंच, अमावास्येनंतरही एक-दोन दिवस पाणी जोरात असतं. आईचा ताप उतरला होता. दुपार व्हायच्या आधी मी तिच्यापुढे पेज ठेवली, नेहमीसारखी अळणी. तिने एक घोट घेतला आणि वाडगा खाली ठेवला.

"चव लागते गो आज," ती म्हणाली. "माल्यावरचं मडकं काड. मना मीठ दे."

मला वाटलं, ताप डोक्यात चढलाय. "आये, भरती यायचीय अजून."

"तू हायस ना," ती म्हणाली.

मी मडकं काढून दिलं. तिने चिमटीने मीठ घेतलं, पेजेत टाकलं, बोटाने ढवळलं आणि सगळी पेज प्यायली, शेवटी वाडगा निपटून बोट चाटलं. मग भिंतीकडे तोंड करून आडवी झाली आणि झोपली. उधाणाच्या दिवसांत, भरतीच्या वेळी झोपलेली आई मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. तिचा चेहरा सैल पडला होता, तोंड किंचित उघडं होतं, घोरणं ऐकू येत होतं. खाडीला भरती चढायला लागल्याचा वास मागच्या अंगणापर्यंत आला होता. मला तिला गदागदा हलवून उठवावंसं वाटलं. सांगावंसं वाटलं की कालच्यासारखं मला रोज जमायचं नाही, जन्मभर तर मुळीच जमायचं नाही, मला भीती वाटते. ती इतकी वर्षं हे सगळं एकटीने कसं वागवत होती ते तिला विचारायचं होतं.

मी उठवलं नाही. माझ्या ताटात काकीने सकाळी पाठवलेला वडा होता, तो झाकून ठेवला. तोंड खळखळून धुतलं, वरचा ओठ पुसला आणि बांधाकडे निघाले.